तीन किलोमीटरचं नाशिक : प्रकल्प नोंदी, मे ते डिसेंबर २०२५

१४ मे २०२५

काम ठरलं. दिंडोरी आणि निफाड तालुक्यांतल्या द्राक्ष बागायतदारांच्या गटासाठी रोजचा स्थानिक अंदाज द्यायचा: पाऊस, पानं ओली राहण्याचे तास आणि किमान तापमान. शास्त्राची बाजू पुण्याच्या मॅडम बघणार, संगणकाची माझ्याकडे. सर्व्हर कॉलेज रोडवरच्या ऑफिसात ठेवला आहे. मागच्या खोलीत एसी चालतो एवढ्यावर ती जागा निवडली.

मॉडेल डब्ल्यूआरएफ, म्हणजे हवेचा हिशोब चौकटी-चौकटींत करून अंदाज काढणारा प्रोग्राम. बाहेरचं डोमेन (हिशोबाचा भूभाग) ९ किमीच्या चौकटींचं, आतलं ३ किमीच्या. बाहेरच्या कडांवर अमेरिकेच्या जीएफएस या जागतिक मॉडेलचा डेटा लावायचा. तो ०.२५ अंशाचा, म्हणजे साधारण २७ किमीची एक चौकट. त्र्यंबकेश्वर ते नाशिक अंतर जवळपास तेवढंच आहे. इगतपुरीला वर्षाला तीन हजार मिमीच्या घरात पाऊस, नाशिक शहरात सातशेच्या आसपास, सिन्नरकडे त्याहून कमी. एवढी उतरंड दोन-तीन चौकटींत कोंबायची तर ब्रह्मगिरी सपाट करण्यावाचून गत्यंतर नाही. आणि मॉडेलला डोंगरच दिसला नाही तर घाटमाथ्याचा पाऊस दिसत नाही, पलीकडची पर्जन्यछायाही दिसत नाही.

"मग एक किलोमीटरचंच करा की, ताई," असं गटाचे अध्यक्ष म्हणाले. चौकटीची बाजू तिसऱ्या हिश्श्यावर आणली की चौकटी नऊपट होतात. शिवाय वारा एका टप्प्यात अख्खी चौकट ओलांडून जाता कामा नये, म्हणून वेळेचा टप्पाही तिसऱ्या हिश्श्यावर येतो. काम सत्तावीसपट. आजचा अंदाज परवा मिळेल. डब्ल्यूआरएफमध्ये किलोमीटरमागे सहा सेकंद हा ढोबळ हिशोब, म्हणजे ३ किमीला १८ सेकंद. घाटात ढग उसळले की तेवढंही झेपत नाही, रन (मॉडेलची एक फेरी) मध्येच कोसळतो आणि टप्पा १५ वर आणावा लागतो. तो बदल आपोआप व्हावा म्हणून स्क्रिप्टमध्ये आजच सोय केली.

वेळापत्रक फवारणीवरून ठरलं. पंपात औषध भरायच्या आधी, पहाटे साडेपाचला निरोप हवा. जीएफएसचा शून्य यूटीसीचा (यूटीसी म्हणजे जागतिक प्रमाणवेळ) रन आपल्या साडेपाचला सुरू होतो, त्याचा डेटा हाती यायला दहा वाजतात. तो कामाचा नाही. म्हणून १२ यूटीसीचा, आपल्या संध्याकाळी साडेपाचचा रन घ्यायचा. रात्री दहाच्या सुमारास फाइली उतरवायच्या, दोनपर्यंत मॉडेल संपलं पाहिजे, पुढचे तास गडबड झाली तर निस्तरायला राखीव.

२० मे

पडताळणीसाठी एका ठिकाणाहून पावसाचा जुना तक्ता मिळाला. सल्लागारांनी त्याच्याशी आमचे चाचणी रन ताडून निकाल देऊन टाकला: मॉडेल एक दिवस आधी पाऊस पाडतंय.

मॉडेल बरोबर होतं. भारतात पावसाचा दिवस सकाळी साडेआठला बदलतो. साडेआठला पर्जन्यमापक मोजतात आणि मागच्या चोवीस तासांचा पाऊस त्या सकाळच्या तारखेवर लिहितात. मे महिन्यातला आपला पाऊस बहुतेक वळवाचा, दुपारी चारनंतर गडगडाट करून येणारा. १९ तारखेच्या संध्याकाळी पडला तरी रजिस्टरात तो २० तारखेचा. मॉडेलची बेरीज मध्यरात्र ते मध्यरात्र केली होती, त्यामुळे तिकडे तो १९ चाच. बेरीज ३ यूटीसी ते ३ यूटीसी केली आणि दोन्ही आलेख एकावर एक बसले. एक बरं आहे की आपली वेळ यूटीसीच्या साडेपाच तास पुढे असूनही साडेआठ म्हणजे नेमके ३ यूटीसी. तीन-तीन तासांच्या डेटातही ती वेळ सापडते.

एककांचंही तेच. इरा-५ (मागच्या वर्षांचं हवामान मॉडेलने पुन्हा मांडलेला युरोपचा जागतिक डेटा) मध्ये पाऊस मीटरमध्ये, तासाचा. इरा-५ लँडमध्ये मीटरमध्येच, पण यूटीसीच्या दिवसाच्या सुरुवातीपासून साठत गेलेला. डब्ल्यूआरएफमध्ये मिलिमीटरमध्ये, रन सुरू झाल्यापासून साठलेला, तोही दोन खात्यांत विभागलेला. शेतावरच्या यंत्रांत तासाचा. आणि "नोंद नाही" यासाठी कुणी -९९९, कुणी -९९९९, कुणी रिकामी जागा, तर एका महाभागाने शून्य लिहिलेलं. शून्य सगळ्यात वाईट. -९९९ मिमी पाऊस बघून कुणीही थबकेल, शून्याकडे बघून कुणी थबकत नाही.

आयटीत असताना कोड चुकला तर प्रोग्राम बंद पडायचा, लाल अक्षरं यायची, ग्राहकाचा फोन यायचा. इथे प्रोग्राम मजेत चालतो आणि सुंदर रंगीत नकाशा काढून देतो. म्हणून माझा निम्मा वेळ मॉडेलवर नाही, प्रत्येक आकड्याला "तू कुठला, किती वाजताचा, कोणत्या एककातला" हे विचारण्यात जातो. ही तपासणी आता डेटा आत येतानाच होते; तिन्हींची उत्तरं नसलेली फाइल पुढे सरकत नाही.

२६ मे

मान्सून मुंबईत. केरळात २४ ला आला, दोन दिवसांत मुंबई. इकडे महिनाभर वळवानेच झोडपलं आहे. काढलेला उन्हाळ कांदा शेतातच भिजला, चाळीत गेलेला किती टिकेल कोण जाणे.

मान्सून केरळात "आला" हे कसं ठरवतात ते इंटर्नला आज दाखवलं. त्याला वाटत होतं एखादे साहेब ढग बघून जाहीर करतात. निकष असे: १० मे नंतर ठरलेल्या १४ केंद्रांपैकी ६० टक्के केंद्रांवर सलग दोन दिवस २.५ मिमी किंवा जास्त पाऊस. पश्चिमेचे वारे हवेचा दाब ६०० हेक्टोपास्कल असतो त्या उंचीपर्यंत भरलेले. ९२५ हेक्टोपास्कलला त्यांचा वेग १५ ते २० नॉट. आणि ढगांच्या दाटीमुळे अवकाशात जाणारं उष्णतेचं प्रारण चौरस मीटरला २०० वॉटच्या खाली. "म्हणजे सरळ इफ-एल्स आहे!" म्हणाला. आहेच. त्याने जेवणाच्या सुट्टीत दहा ओळींत लिहून टाकलं. आता १४ केंद्रांचा वेळेवर आलेला, तपासलेला डेटा आण म्हटलं, तेव्हा शांत झाला.

आजच दिल्लीत भारत फोरकास्टिंग सिस्टीमचं लोकार्पण झालं. पुण्याच्या उष्णदेशीय हवामानशास्त्र संस्थेचं मॉडेल, साऱ्या पृथ्वीसाठी ६ किमीची जाळी. आधीचं १२ किमीचं होतं. ते 'अर्का' या महासंगणकावर चालतं, वेग ११.७७ पेटाफ्लॉप. आमच्या मागच्या खोलीतल्या यंत्राचा त्याच्यापुढे उल्लेखही करू नये. पण मला त्यात आनंदच आहे: पुढेमागे कडांवर जीएफएसऐवजी हा डेटा लावता आला तर बाहेरचं डोमेनच काढून टाकता येईल.

१२ जून

दिंडोरीजवळच्या एका बागेतल्या यंत्राचा आलेख आठवडाभर खटकत होता. सर येते, पाऊण तासात तीसेक मिमी पडायला हवं, पण यंत्र दाखवतं मध्यरात्रीपर्यंत एकाच लयीत थेंब-थेंब. शेजारच्या दोन्ही यंत्रांवर तसं काही नाही. स्वतः गेले.

बागेच्या मालकांना सगळे नाना म्हणतात. नाना बांधावर उभे राहून म्हणाले, "ताई, पाऊस तासाभरात उरकतो. तुमचं यंत्र मात्र रात्रभर रडत बसतं."

झाकण काढलं. वरच्या नरसाळ्याच्या तोंडाशी कुंभारीण माशीने मातीचं घर बांधलं होतं, जेमतेम पेन्सिलच्या शिशाएवढी फट उरलेली. पाणी नरसाळ्यात साचायचं आणि त्या फटीतून निथळत राहायचं. खाली दोन खणांचं सी-सॉसारखं छोटं भांडं असतं. एक खण भरला की ते कलंडतं, दुसरा पुढे येतो, आणि प्रत्येक कलंडणीला ०.२ मिमी अशी नोंद होते. एकूण पाऊस जवळपास बरोबर होता, वेळ चुकत होती. त्यामुळे दिवसाच्या बेरजेवर लावलेल्या सगळ्या तपासण्यांतून हे यंत्र सुखरूप पास झालं होतं. आणि आम्हाला तर वेळच हवी: पान किती तास ओलं राहिलं यावरच डाऊनी या द्राक्षावरच्या बुरशीजन्य रोगाचा अंदाज.

नानांनी तारेने माती काढली, मी पाण्याचा मग ओतून कलंडण्या मोजल्या. चहा घेऊन निघाले. ऑफिसात येऊन नवी तपासणी लिहिली: सर ओसरल्यावर ठरावीक अंतराने एकेकच कलंडणी होत राहिली आणि शेजारी कोरडं असेल, तर यंत्रावर पिवळा झेंडा आणि नानांना फोन.

उपकरणांच्या या कामाला आपल्याकडे मान नाही, तो असायला हवा. अ‍ॅना मणी १९४८ साली हवामान खात्यात पुण्याला रुजू झाल्या आणि पुढची कितीतरी वर्षं उपकरणं देशात बनवणं, ती एकमेकांशी जुळवून घेणं यात घालवली. आज आम्ही ज्या जुन्या नोंदींवर मॉडेल पडताळतो, त्यांच्या मागे असे लोक आहेत.

७ जुलै

त्र्यंबक-इगतपुरीकडे पावसाने धरून ठेवलंय. गंगापूर धरणातून विसर्ग, रामकुंडावरची छोटी मंदिरं पाण्यात. सकाळपासून गटातले लोक फोन करतायत: पाणी दुतोंड्याच्या (रामकुंडाजवळच्या मारुतीच्या मूर्तीच्या) कमरेला लागणार का? छातीला लागणार का? २०१९ च्या ऑगस्टमध्ये दुतोंड्या मारुती बुडाला होता, तेव्हापासून शहराच्या मनात तेच माप आहे.

आमचं मॉडेल पाऊस सांगतं, पूर नाही, असं प्रत्येकाला सांगितलं. पाण्याची पातळी धरणातून किती सोडतात यावर ठरते आणि तो निर्णय पाटबंधारे खात्याचा. तरीही इंटर्नसोबत पाटीवर हिशोब केला, कारण एककं पक्की व्हायला याहून चांगला दिवस नाही. एक चौरस किलोमीटरवर एक मिमी पाऊस म्हणजे दहा लाख लिटर. धरणाच्या बातमीतला एक क्युसेक म्हणजे सेकंदाला २८.३ लिटर. दलघफू म्हणजे दहा लाख घनफूट, आणि असे हजार झाले की एक टीएमसी. पाऊस मिलिमीटरमध्ये, साठा घनफुटात, विसर्ग सेकंदाला घनफुटात, आणि पूर मारुतीच्या अंगावर. चौथ्या मापाचं रूपांतर कुठल्याच लायब्ररीत नाही, असं पोरगा म्हणाला.

रात्रीचा रन वेळेत आला. घाटमाथ्यावर जोर, निफाडला हलका. तसंच झालं.

२ ऑगस्ट

इंटर्न शेवटच्या वर्षाला आहे, कॉम्प्युटर इंजिनिअरिंग. आज सरळ विचारलं, "ताई, यात करिअर आहे का? घरी काय सांगू?" चार वाक्यांत उत्तर देता आलं नाही, म्हणून इथे लिहून ठेवते. पुढच्या पोरांनाही देता येईल.

मी हिंजवडीत बँकांचं सॉफ्टवेअर लिहायचे. तिथून पुण्यातल्या एका प्रकल्पावर कंत्राटी जागेवर गेले तेव्हा पगार निम्म्यावर आला आणि घरी तो महिना बरा गेला नाही. कंत्राट प्रकल्पाच्या मुदतीएवढं. मुदत संपली की मुदतवाढीचं पत्र येईपर्यंत कुणी छातीठोकपणे काही सांगत नाही. शास्त्रज्ञांच्या पायऱ्या आहेत, आयटीत पायऱ्या आहेत. दोघांच्या मधल्या माणसाला पायरी नाही, फक्त प्रकल्प आहेत. हे आधी सांगायला हवं, कारण पोस्टरवर फक्त उपग्रहाचं चित्र असतं.

दरवाजे मात्र आहेत. पृथ्वी विज्ञान मंत्रालयाच्या संस्थांत इंजिनिअरिंगच्या पदवीवर चालतात अशा प्रकल्प-जागा निघतात. सावित्रीबाई फुले पुणे विद्यापीठात वायुमंडल आणि अवकाश विज्ञानाचा स्वतंत्र विभाग आहे, तिथे रीतसर शिकता येतं. खासगीत पीक विमा, पवन आणि सौर ऊर्जा, शेती सल्ला यांना हा माणूस लागतो, आणि तिथे पगारही मिळतो.

शिकायचं काय? पायथन येतं तेवढ्यावर सुरुवात होईल, पण मॉडेलच्या आत शिरायचं तर फोरट्रान ही जुनी प्रोग्रामिंग भाषा वाचता आली पाहिजे. हसू नकोस, जगातल्या बहुतेक मोठ्या हवामान मॉडेलांचा गाभा आजही त्यातच आहे आणि तो भंगार म्हणून राहिलेला नाही, वेगवान म्हणून राहिलाय. लिनक्स; नेटसीडीएफ आणि ग्रिब या हवामान डेटाच्या फाइली, त्या वाचायला एक्सअ‍ॅरे, काम अनेक कोअरवर वाटायला एमपीआय. सांख्यिकी नीट. आणि हवामानशास्त्र इतपत, की मॅडम "इथे इन्व्हर्जन आहे" (वरची हवा खालच्या हवेपेक्षा उबदार) म्हणाल्या की मान डोलवायच्या ऐवजी आलेखात ते दाखवता यावं. उलटही खरं: मॅडमना गिट (फाइलींच्या आवृत्त्या सांभाळणारं साधन) वापरायला मीच लावलं, आणि "अंतिम_नवीन_खरंच_अंतिम" नावाच्या फाइली बंद झाल्या.

शोधनिबंधावरच्या नावाचं विचारशील तर इतिहास बघ. १९५० साली एनियाक या सुरुवातीच्या संगणकावर जगातला पहिला संगणकीय हवामान अंदाज काढला. शोधनिबंधावर चार्नी, फ्यॉर्टॉफ्ट, फॉन नॉयमन. त्या रनचं कोडिंग तपासणाऱ्या आणि एनियाकवर काम कसं चढवायचं हे शिकवणाऱ्या क्लारा फॉन नॉयमन यांचं नाव लेखकांत नाही, आभारात आहे. एमआयटीत हवामानशास्त्रज्ञ एडवर्ड लॉरेन्झसाठी एलजीपी-३० या यंत्रावर प्रोग्राम लिहायच्या त्या मार्गारेट हॅमिल्टन. पुढे अपोलोचं सॉफ्टवेअर केलं म्हणून जगाला ठाऊक झाल्या. त्यांच्यानंतर ते काम एलेन फेटर यांच्याकडे आलं. लॉरेन्झच्या १९६३ च्या प्रसिद्ध निबंधात त्यांचे आभार आहेत. आता आभारातून लेखकांच्या यादीत येण्यापर्यंत मजल गेली आहे, कोडलाही स्वतःचा संदर्भ क्रमांक देता येतो. पण मागावं लागतं. मी पहिल्या बैठकीतच मागते, सुरुवातीला लाज वाटायची, आता नाही.

घरी काय सांगायचं ते तूच ठरव. मी माझ्या आईला सांगते, "हवामान खात्याच्या लोकांसोबत काम करते." ती शेजारी सांगते, "हवामान खात्यात आहे." आणि पाऊस चुकला की सोसायटीतले लोक मला बोलतात.

१८ ऑगस्ट

सर्व्हरचा कंपायलर (कोडचं यंत्राच्या भाषेत रूपांतर करणारा प्रोग्राम) बदलला. तोच कोड, तोच डेटा, तरी तिसऱ्या दिवशीची एक सर दिंडोरीवरून उचलून चांदवडला गेली. इंटर्न घाबरला.

संगणकातल्या दशांश संख्यांत बेरजेचा क्रम बदलला की शेवटचा अंक बदलतो. नवा कंपायलर वेगासाठी क्रम बदलतो, कोअरची संख्या बदलली तरी तेच. शेवटच्या अंकातला फरक वातावरण दोन-तीन दिवसांत वाढवून ठेवतं. लॉरेन्झने १९६१ मध्ये ०.५०६१२७ ऐवजी ०.५०६ भरून हेच पाहिलं होतं. मग कंपायलर "बरोबर" आहे हे कळणार कसं? आकडे जुळतात का हे बघून कळत नाही. जुन्या कंपायलरवर सुरुवातीच्या तापमानात नगण्य फेरफार करून बरेच रन काढले, त्यांचा पसारा मोजला. नव्याचे रन त्या पसाऱ्यात मिसळून जातात, वेगळे ओळखू येत नाहीत. मग ठीक. बँकेत पैशाची बेरीज अशी "पसाऱ्यात" आहे म्हटलं असतं तर कामावरून काढलं असतं.

याच निमित्ताने आणखी एक सापडलं. संपूर्ण हंगामाचा एक सलग रन मॅडमना हवा आहे. डब्ल्यूआरएफ पाऊस एकेरी अचूकतेत साठवतं, म्हणजे सुमारे सात अर्थपूर्ण अंक. सप्टेंबरपर्यंत इगतपुरीच्या चौकटीत तीन हजार मिमी साठलेले असले आणि १८ सेकंदांत ०.०००१ मिमी भुरभुर पडली, तर बेरीज हलतच नाही. पाऊस पडतो आणि हिशोबात येत नाही. मॉडेल लिहिणाऱ्यांना हे माहीत होतं; त्यासाठी बादलीची सोय आहे, ठरावीक मिमी भरले की बादली रिकामी करायची आणि किती बादल्या झाल्या ते वेगळं मोजायचं. शंभर मिमीची बादली लावली. रोजच्या अंदाजाला गरज नाही, तो रोज शून्यापासून सुरू होतो.

१६ सप्टेंबर

"हे सगळं फेकून एआय वापरू," असा प्रस्ताव, अर्थातच तरुण बाजूने. गैर काही नाही. ग्राफकास्ट हे एआय मॉडेल २०२३ मध्ये आलं, दहा दिवसांचा जागतिक अंदाज एका यंत्रावर मिनिटाच्या आत काढतं. युरोपच्या हवामान केंद्राने यंदा फेब्रुवारीत स्वतःचं एआय मॉडेल नियमित सेवेत आणलं. आपल्या कृषी मंत्रालयानेही या खरिपात मान्सून येण्याचा एआय अंदाज सुमारे ३.८ कोटी शेतकऱ्यांना मोबाइलवर पाठवला.

पण ही मॉडेलं शिकली कशावर? इरा-५ वर, ०.२५ अंशाच्या जाळीवर. म्हणजे तोच सपाट ब्रह्मगिरी. शिवाय इरा-५ चा पाऊस मोजलेला नसतो, त्यांच्या मॉडेलने पाडलेला असतो. त्याला सत्य मानून शिकलेलं यंत्र त्याच्या खोडीही शिकतं. आणि सरासरी चूक कमी करायची शिकवण असल्यामुळे लांबच्या दिवसांत टोकाचा पाऊस बोथट होतो. बागेत नुकसान टोकाच्याच पावसाने होतं.

ठरलं ते असं: पाच दिवसांच्या पुढचा कल एआयकडून, त्याच्या आतला तपशील डब्ल्यूआरएफकडून. आणि यंत्रांचा डेटा पुरेसा जमला की दोघांच्या सवयीच्या चुका दुरुस्त करणारं छोटं मॉडेल आमचं. ते काम इंटर्नला दिलं. खूश आहे.

२८ ऑक्टोबर

पाऊस जायचं नाव घेत नाही. अरबी समुद्रात डिप्रेशन, बंगालच्या उपसागरात मोंथा चक्रीवादळ. लवकर छाटलेल्या बागा दोडा-फुलोऱ्यात आहेत, घडकुजेची आणि डाऊनीची भीती. उशिरा छाटलेल्यांत पोंगा, म्हणजे नुकती फूट.

नानांचा फोन, पहाटे पावणेसहाला. "ताई, चाळीस टक्के लिहिलंय. म्हणजे फवारू का नको?"

प्रश्न रास्त आहे. चाळीस टक्क्यांचं काय करायचं हे नानांच्या खिशावर ठरतं, माझ्या मॉडेलवर नाही. फवारणीला एक रुपया लागतो आणि न केल्याने पाच रुपये जाणार असतील, तर शक्यता वीस टक्क्यांच्या वर गेली की फवारलेलं बरं. फुलोऱ्यात नुकसान मोठं, म्हणून उंबरा खाली. दोन महिन्यांनी तोच उंबरा वर. आजपासून निरोपात टक्क्यांसोबत छाटणीच्या तारखेनुसार सल्ला जाईल. टक्के काढून टाकायचे नाहीत, नानांसारख्यांना ते कळतात.

मात्र चाळीस टक्के म्हटल्यावर दहातल्या चार वेळा पाऊस पडायला हवा. मोसमाचा हिशोब काढला: आम्ही चाळीस म्हणतो तेव्हा पाऊस त्याहून जास्त वेळा पडतो आणि ऐंशी म्हणतो तेव्हा कमी वेळा. दुरुस्तीचा तक्ता लावला. ब्रायरचा निर्देशांक (टक्क्यांतल्या अंदाजाची चूक मोजणारा आकडा) सुधारला, थोडाच, पण दोन्ही तालुक्यांत सुधारला.

दव हा वेगळाच ताप. पाऊस नसला तरी पहाटे पान ओलं असतं. मॉडेलची आर्द्रता जमिनीपासून दोन मीटरवरची, मोकळ्या रानाची. मांडवाखालची हवा त्याहून दमट आणि गप्प. नव्वद टक्क्यांच्या वर आर्द्रता म्हणजे ओलं पान, हा पुस्तकी उंबरा बागेतल्या ओलावा-संवेदकाशी ताडला तर दोन तास कमी दाखवतो. सत्त्याऐंशीवर जुळतं. हा आकडा नानांच्या बागेचा आहे, सगळ्या जिल्ह्याचा नव्हे, असं फाइलच्या डोक्यावरच लिहून ठेवलं.

२४ नोव्हेंबर

थंडीची तयारी. निफाडला पारा घसरला की तयार होत आलेल्या मण्यांना तडे जातात; लोक पहाटे बागेत शेकोट्या पेटवतात, ठिबक सोडतात. त्यांना आदल्या संध्याकाळी इशारा हवा.

जुन्या वर्षांच्या तयार फाइलींत इशाऱ्याचे दिवस मोजले तर कुंदेवाडीच्या गहू संशोधन केंद्राच्या नोंदींपेक्षा बरेच जास्त निघाले. तापमान बरोबर, दिवस जास्त. इंटर्नने शोधून काढलं, शाबास त्याची. फाइलीतलं "दैनिक किमान" यूटीसीच्या दिवसाचं आहे. तो दिवस आपल्या पहाटे साडेपाचला सुरू होतो आणि दुसऱ्या पहाटे साडेपाचला संपतो. थंडीत सगळ्यात गार वेळ सूर्योदयाच्या आसपास, म्हणजे बरोबर या सीमेवर. त्यामुळे एकच गारठलेली पहाट दोन दिवसांच्या खात्यात जमा होते: सोमवारच्या शेवटी आणि मंगळवारच्या सुरुवातीला. लंडनमध्ये बसून पाहिलं तर यात काही वावगं नाही, त्यांची मध्यरात्र आहे. आमच्या बोकांडी मात्र खोटे गार दिवस. तासागणिक डेटा घेऊन दिवस साडेआठ ते साडेआठ कापला, मोजणी केंद्राच्या जवळ आली.

उरलेला फरक जागेचा आहे. गार हवा जड, ती रात्री उतारावरून नदीकाठच्या सखल भागात येऊन बसते. ३ किमीच्या चौकटीत तो खोलगट भाग अर्धाच दिसतो, त्यामुळे मॉडेल तिथे थोडं ऊबदार राहतं. इथे १ किमीचं छोटं डोमेन लावून बघायचं, फक्त रात्रीच्या तासांसाठी. सत्तावीसपट काम, पण तुकडा लहान आणि तास थोडे. झेपेल असं वाटतं. अध्यक्षांना कळवलं नाही अजून, ते "मी मे महिन्यातच म्हटलं होतं" म्हणतील.

११ डिसेंबर

मुदतवाढीचं पत्र आलं, ३१ मार्चपर्यंत. त्यानंतरचं मार्चमध्ये बघू.

पडताळणीवरचा निबंध मॅडमनी पाठवायला काढला. लेखकांत माझं नाव दुसरं, इंटर्नचं चौथं. यंत्रांची देखभाल करणाऱ्या बागायतदारांचा उल्लेख आभारात होता. मी मॅडमना म्हटलं, पिवळ्या झेंड्याची तपासणी नानांच्या वाक्यावरून लिहिली आहे, त्यांना विचारून नावानिशी घालू. मॅडम हो म्हणाल्या. नानांना फोन केला तर पहिला प्रश्न, "त्यात आमच्या बागेचा पत्ता नाही ना छापत? व्यापारी दर पाडायला येतील."

इंटर्नला हिंजवडीतल्या कंपनीचं पत्र आलंय, जूनमध्ये रुजू व्हायचं. जाईल बहुधा. तोवर रात्रीच्या १ किमी डोमेनचं काम त्याच्याकडे, आणि फोरट्रानचं ते एक मॉड्यूल वाचून त्यावर टिपण.

या आठवड्यात राहिलेलं: नव्या तीन यंत्रांच्या घड्याळांची वेळ तपासणे (एक यंत्र अकरा मिनिटं पुढे आहे), दाक्षिणात्य कंपनीच्या संवेदकातली रिकामी नोंद अजून शून्य येते ते त्यांना लेखी कळवणे, आणि थंडीच्या इशाऱ्याचा मजकूर नानांना वाचून दाखवून मग गटावर टाकणे.